अणुवीज केंद्रातल्या अपघाताची चौकशी : कार्यकक्षा आखायची कशी?

मराठवाड्यात अणुवीज केंद्र नाही. राज्यात आहे ते तारापूरला, १९६९ साली सुरू झालेलं. जैतापूर अजून कागदावरच आहे. मग औरंगपुऱ्यात किंवा लातूरच्या औसा रोडवर बसून अणुअपघाताच्या चौकशीचा विचार कशाला करायचा? एक कारण म्हणजे इथली पोरंपोरी इंजिनिअर होऊन अशा केंद्रांत नोकरीला जातात. दुसरं कारण त्याहून जवळचं आहे. काही घडलं की समिती नेमायची, ही आपल्याकडची रीत. आग लागो, बॉयलर फुटो, कालवा फुटो. समिती नेमली जाते, अहवाल येतो आणि अहवाल वाचून लोक म्हणतात, ‘मूळ मुद्दा तर यात नाहीच.’ तो मुद्दा बहुतेक वेळा नेमणुकीच्या आदेशातच बाहेर राहिलेला असतो. समितीने काय बघायचं, किती मागे जायचं, कोणाला बोलवायचं, हे ज्या पानावर लिहिलेलं असतं ती कार्यकक्षा. अणुवीज केंद्र हा त्यातला सर्वांत अवघड नमुना. तिथली कार्यकक्षा लिहिता आली तर परळीच्या संचाची किंवा साखर कारखान्याच्या टर्बाइनची सहज लिहिता येईल.

कॉलेजात सराव घेणारे प्राध्यापक, आपत्ती व्यवस्थापनातले अधिकारी आणि असे आदेश वाचून बातमी करणारे पत्रकार डोळ्यांपुढे ठेवून पुढचं लिहिलं आहे.

सरावासाठी एक काल्पनिक अपघात

समजा, पैठणच्या खाली गोदाकाठी ७०० मेगावॅटची एक अणुभट्टी आहे. पूर्ण काल्पनिक, असा कुठलाही प्रस्ताव नाही. मे महिना, नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) मृतसाठ्यावर. रात्री वळवाचं वादळ येतं, पारेषण वाहिनीचे मनोरे आडवे होतात आणि बाहेरून येणारी वीज जाते. अणुभट्टी ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडते. दोन डिझेल जनरेटरपैकी एक सुरूच होत नाही. दुसरा सुरू होतो, पण त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मार्गात गाळ अडकतो आणि तीन तासांनी तोही बंद पडतो. पुढचे काही तास केंद्र अंधारात. इंधनाच्या काही नळ्यांना इजा होते, थोडा किरणोत्सारी वायू बाहेर जातो. जवळच्या गावांना सकाळी उशिरा कळतं, तेही व्हॉट्सअपवरून.

अणुभट्टी ‘बंद’ झाली म्हणजे थंड झाली असं नाही, हे आधी पक्कं करून घ्या. साखळी प्रक्रिया थांबली तरी इंधनातले किरणोत्सारी घटक उष्णता देतच राहतात. बंद पडल्याक्षणी ही उष्णता पूर्ण औष्णिक क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास आणि दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या घरात. ७०० मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीची औष्णिक क्षमता त्याच्या तिपटीच्या आसपास असते. म्हणजे एक दिवस उलटल्यावरही दहा मेगावॅटच्या आसपास उष्णता कुठे तरी वाहून न्यावीच लागते. पाणी आणि वीज यांचा प्रश्न म्हणूनच चौकशीच्या मध्यभागी येतो.

आदेश निघण्याआधी पुरावा गोठवा

कार्यकक्षेवर चर्चा आठवडाभर चालू शकते. पुरावा तेवढा थांबत नाही. म्हणून पहिला कागद कार्यकक्षेचा काढू नका, जतनाचा काढा. त्यात हे नावानिशी लिहा: नियंत्रण कक्षाचं लॉगबुक, शिफ्ट बदलतानाच्या नोंदी, संगणकातला डेटा, अलार्मच्या छापील पट्ट्या, सीसीटीव्ही, दूरध्वनीचं ध्वनिमुद्रण, कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवरचे संदेश, देखभालीच्या परवानग्या, डिझेलच्या टाकीतला नमुना, अडकलेला गाळ. हो, गाळसुद्धा. दुरुस्तीच्या घाईत सगळ्यांत आधी फेकला जाईल तो हाच. जागेवरचा पंचनामा करताना प्रत्येक झडप उघडी होती की बंद, प्रत्येक स्विच कुठे होता, याचे फोटो घ्या. कोणतं घड्याळ किती पुढे-मागे होतं, हेही टिपून ठेवा. वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळं जुळत नसतील तर आधी काय झालं आणि नंतर काय, हाच वाद महिनाभर पुरतो.

अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ च्या पहाटे अपघात झाला तेव्हा अलार्म इतके आले की ते छापणारं यंत्र तासाहून जास्त मागे पडलं. जपानच्या फुकुशिमा केंद्रात २०११ च्या त्सुनामीत वीजच गेल्याने मोजमापाची यंत्रं आंधळी झाली, माणसांनी मोटारींच्या बॅटऱ्या जोडून आकडे वाचले. अशा ठिकाणी जी नोंद नाही तीच महत्त्वाची ठरते. म्हणून कामावर असलेल्या माणसांकडून पहिल्या दोन-तीन दिवसांत, एकमेकांशी चर्चा होण्याआधी, त्यांना जे आठवतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. हे जबाब नव्हेत, आठवणी आहेत, हे त्यांना स्पष्ट सांगा.

चौकशी नेमकी कशासाठी?

एकाच घटनेच्या तीन-चार चौकश्या होऊ शकतात: पोलिसांची, नियामक मंडळाची, कंपनीची अंतर्गत आणि सरकारने नेमलेली. प्रत्येकीचा हेतू वेगळा. दोषी कोण हे ठरवणं, नुकसानभरपाई ठरवणं आणि पुन्हा असं घडू नये म्हणून शिकणं, ही तीन कामं एका समितीच्या गळ्यात घातली की तिसरं हमखास मरतं. ज्याला शिक्षेची भीती आहे तो माणूस वकिलाला विचारून बोलतो.

जपान सरकारने फुकुशिमानंतर नेमलेल्या योतारो हातामुरा यांच्या समितीने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की व्यक्तींची जबाबदारी निश्चित करणं हा आपला उद्देश नाही. आपल्याकडे चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली आयोग नेमला तर कलम ४ प्रमाणे त्याला साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार मिळतात. कलम ६ प्रमाणे आयोगापुढे दिलेलं निवेदन त्या माणसाविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. खोटी साक्ष दिल्याचा खटला तेवढा अपवाद. कलम ८-ब प्रमाणे ज्याच्या लौकिकाला बाधा येईल त्याला म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. साध्या शासन निर्णयाने नेमलेल्या समितीकडे यातलं काहीच नसतं. म्हणून कार्यकक्षेच्या पहिल्या ओळीतच समिती कोणत्या कायद्याखाली आहे, हेतू काय आणि इतर चौकश्यांशी तिचं नातं काय, हे यायला हवं. पुराव्याच्या वस्तू आधी कोणाच्या ताब्यात, प्रत कोणाला, हेही इथेच मिटवा.

घटना सांगा, कारण सांगू नका

आदेशात घटनेचं वर्णन एका परिच्छेदात लिहा आणि त्यातून ‘मुळे’ हा प्रत्यय शोधून काढून टाका. ‘कर्मचाऱ्यांच्या दुर्लक्षामुळे झालेल्या अपघाताची चौकशी’ असं शीर्षक असलेली समिती दुर्लक्षच शोधणार. आपल्या काल्पनिक घटनेत ‘वादळामुळे’ हा शब्दही तितकाच घातक आहे. वादळ आलं, मनोरे पडले, वीज गेली, जनरेटर थांबला, एवढंच लिहा. त्यांतला धागा समितीने जोडायचा.

चेर्नोबिलचं उदाहरण यासाठी डोक्यात ठेवण्यासारखं आहे. २६ एप्रिल १९८६ च्या त्या अपघातावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने त्याच वर्षी दिलेल्या पहिल्या अहवालात भर होता कर्मचाऱ्यांनी मोडलेल्या नियमांवर. १९९२ मध्ये त्याच गटाने दुसरा अहवाल काढला आणि वजन भट्टीच्या रचनेकडे सरकवलं. नियंत्रण कांड्या (साखळी प्रक्रिया आवरणाऱ्या) आत सोडल्यावर सुरुवातीला काही क्षण शक्ती कमी होण्याऐवजी वाढू शकते, हा दोष त्यात पुढे आला. आणि तो दोष १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्राच्या चाचण्यांत दिसलेलाच होता.

काळाची हद्द : घड्याळ कधी सुरू करायचं?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

सोयीची सुरुवात म्हणजे वीज गेली तो क्षण. तिथून सुरू केलं तर अहवालात त्या रात्रीच्या शिफ्टची माणसं तेवढी दिसतील. थ्री माईल आयलंडची गोष्ट पहाटे चार वाजता सुरू केली तर काय दिसतं? दाब कमी करणारी झडप उघडी अडकली, ‘बंद हो’ असा आदेश गेल्याचं दिवा सांगत होता, झडप प्रत्यक्षात बंद झाली की नाही ते सांगत नव्हता, आणि माणसांनी आणीबाणीचं पाणी कमी केलं. म्हणजे माणसं चुकली. तेच घड्याळ दीड वर्ष मागे न्या. २४ सप्टेंबर १९७७ ला ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात, त्याच निर्मात्याच्या भट्टीत, तशीच झडप अडकली होती आणि तिथल्या माणसांनीही पाणी कमी केलं होतं. भट्टी कमी शक्तीवर होती म्हणून निभावलं. तो धडा इतर केंद्रांपर्यंत का पोचला नाही, हा प्रश्न आता समोर येतो, आणि तो शिफ्टमधल्या माणसाला विचारायचा प्रश्न नाही.

फुकुशिमात तर दशकभर मागे जावं लागलं. ११ मार्च २०११ ची त्सुनामीची लाट केंद्राजवळ १४-१५ मीटरची होती आणि केंद्राची गणितं ५.७ मीटरवर बेतलेली होती. पण केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या २००८ मधल्या हिशेबात १५.७ मीटरचा आकडा आलेला होता. तो हिशेब ज्या अंदाजावर उभा होता तो सरकारी संशोधन मंडळाने २००२ मध्ये मांडला होता.

आपल्या भागातला दाखला घ्यायचा तर किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्या मिनिटापासून मोजलं तर तो आभाळातून पडल्यासारखा वाटतो. पण त्या गावांना १९९२ च्या पावसाळ्यापासून हादरे बसत होते. आणि त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या फेररचनेत तो विभागच रद्द झाला. ‘इथे काही होत नाही’ हे गृहीतक कोणी, कधी, कशाच्या आधारे धरलं, हे विचारण्याची मुभा काळाच्या हद्दीत असली पाहिजे.

व्यवहारात तीन घड्याळं ठेवा. पहिलं मिनिटांचं: घटनेच्या आधीच्या ७२ तासांपासून भट्टी स्थिर थंड होईपर्यंत. दुसरं वर्षांचं: मागच्या दहा वर्षांतली देखभाल, चाचण्या, तशाच घटना, नियामकाची निरीक्षणं. तिसरं मूळ निर्णयांचं: जागा निवडली, पाण्याची किमान पातळी धरली, जनरेटर किती आणि कुठे हे ठरलं, ते दिवस. तिसऱ्याला वर्षांची मर्यादा घालू नका, विषयांची घाला.

शेवट कुठे करायचा? भट्टी थंड झाली तिथे तंत्रज्ञांचं काम संपतं, गावाचं संपत नाही. फुकुशिमाजवळच्या फुताबा रुग्णालयातले कितीतरी वृद्ध रुग्ण किरणोत्साराने नव्हे, तर स्थलांतराच्या हालांनी दगावले. घड्याळ भट्टीबरोबर थांबवलं असतं तर हे मृत्यू अहवालात आलेच नसते.

जागेची हद्द, आणि जे बिघडलं नाही ते

केंद्राचं कुंपण ही सर्वांत आळशी हद्द. आपल्या घटनेत निदान चार जागा कुंपणाबाहेर आहेत: पडलेले मनोरे, नदीतलं पाणी घेण्याचं ठिकाण, धरण आणि गावं. प्रत्येकासाठी एक ओळ लिहा की तिथे काय पाहायचं आणि काय नाही.

कुंपणाच्या आतही वाटा नीट शोधाव्या लागतात. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली. जबर कंपनाने जनरेटरमधला हायड्रोजन सुटला आणि आग लागली. घटना टर्बाइनच्या दालनातली, अणुभट्टीपासून वेगळी. पण मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही वीजवाहिन्यांच्या केबल पुरेशा अलग न ठेवता नेलेल्या होत्या; त्या एकत्रच जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिलं. नियंत्रण कक्षात धूर शिरल्याने माणसांना तिथून बाहेर पडावं लागलं. कार्यकक्षा ‘टर्बाइनच्या पात्यांचा बिघाड’ एवढी ठेवली असती तर वारंवारच्या ताणाने धातूला पडलेली चीर सापडली असती आणि केबलचा मुद्दा, जो खरा जीवघेणा, तो बाजूलाच राहिला असता.

आणि एक कलम हमखास विसरलं जातं: जे नीट चाललं त्याचा अभ्यास. नरोऱ्यात माणसांनी डिझेलवर चालणारे अग्निशमन पंप लावून बाष्पजनित्रांत पाणी सोडलं आणि भट्टीचा गाभा, म्हणजे इंधनाचा भाग, वाचवला. फुकुशिमाच्या सहाव्या भट्टीचा हवेने थंड होणारा एक जनरेटर तगला आणि पाचवी-सहावी दोन्ही वाचल्या. जपानमधलंच ओनागावा केंद्र त्याच भूकंपाच्या केंद्रबिंदूच्या अधिक जवळ, पण १४.८ मीटर उंचीवर बांधलेलं. ते सुरक्षित बंद झालं. तुलनेला भाऊबंद केंद्रं घेण्याची परवानगी आदेशातच लिहून घ्या, नाहीतर त्यांचे कागद मागताना ‘तुमच्या कक्षेत नाही’ असं उत्तर मिळेल.

कोणापर्यंत पोचायचं

संस्थांची यादी करताना वरून खाली न येता घटनेपासून बाहेर जा: शिफ्ट, देखभाल विभाग, कंत्राटदार, जनरेटरचा निर्माता, केंद्राचं व्यवस्थापन, मालक कंपनी, पारेषण कंपनी, जलसंपदा विभाग, नियामक, जिल्हा प्रशासन. कंत्राटी कामगारांचं नाव वेगळं लिहा. प्रत्यक्ष गाळ उपसणारा माणूस बहुधा तोच असतो आणि कायम कर्मचाऱ्यांच्या यादीत तो नसतो.

नियामकाचा प्रश्न नाजूक आहे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ पासून आहे आणि नेहमीच्या घटनांची तपासणी तेच करतं, जे योग्यही आहे. मोठ्या अपघातात मात्र नियामकाची स्वतःची तपासणी पुरेशी होती का, हाही प्रश्न असतो. आणि त्याचं उत्तर तो स्वतः देऊ शकत नाही. मंडळाच्या स्वायत्ततेवर कॅगने २०१२ च्या अहवालात बोट ठेवलं होतं. जपानच्या संसदेने नेमलेल्या कियोशी कुरोकावा यांच्या आयोगाने तर नियामक आणि कंपनी यांच्यातल्या लागेबांध्यांना अपघाताच्या मुळाशी ठेवलं आणि अपघाताला मानवनिर्मित म्हटलं. हा निष्कर्ष काढता आला कारण नियामक त्यांच्या कक्षेत होता. आदेशात ‘नियामक मंडळाच्या सहकार्याने’ असे शब्द दिसले तर थांबून विचारा: सहकार्य घ्यायचं, की चौकशीही करायची?

‘का?’ विचारणं कुठे थांबवायचं

आता मराठवाड्याचा खास पेच. जनरेटर का थांबला? गाळ अडकला. गाळ का आला? पाणी तळाला गेलं होतं. पाणी तळाला का गेलं? इथून पुढे प्रश्न पैठणहून निघतो आणि नाशिक-अहिल्यानगरला पोचतो.

नाथसागराची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातला मृतसाठा सुमारे २६. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने घातलेलं सूत्र, आणि त्यावरून टंचाईच्या वर्षी कोर्टकचेरी. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा. मग अणुअपघाताच्या समितीने समन्यायी पाणीवाटपाचा निवाडा करायचा का?

माझं मत: नाही. पण पाण्याचा विषय वगळायचाही नाही. हद्द इथे ओढायची की केंद्र उभारताना आणि चालवताना पाण्याची सर्वांत वाईट स्थिती कोणती धरली होती, २०१३ आणि २०१५ च्या अनुभवानंतर ती तपासली का, धरणाची पातळी अमुकच्या खाली गेली तर केंद्राने काय करायचं हे लिहिलेलं होतं का आणि तो निरोप धरणावरून केंद्राकडे जाण्याची व्यवस्था होती का. पाणी कोणाचं, हा प्रश्न बाहेर. पाणी नसेल तर काय, हा आत.

यामागचा नियम साधा आहे. ज्या पायरीवर उत्तर मिळाल्यावर कोणा विशिष्ट संस्थेला ठोस कृती सांगता येते तिथपर्यंत जा. ‘हवामान बदललं’, ‘प्रशासन ढिलं आहे’ अशी उत्तरं येऊ लागली की एक पायरी जास्त झाली. आणि ‘कर्मचाऱ्याने गाळणी तपासली नाही’ यावर थांबलात तर दोन-तीन पायऱ्या कमी पडल्या.

वगळलेल्या गोष्टी उघडपणे लिहा

न बोलता वगळणं आणि लिहून वगळणं यांत फार अंतर आहे. कुरोकावा आयोगाने आपण काय पाहणार नाही याची यादीच अहवालात दिली: देशाचं पुढचं ऊर्जा धोरण, वापरलेल्या इंधनाची विल्हेवाट, भरपाई आणि किरणोत्सारी दूषण साफ करण्याचा खर्च, बंद भट्ट्या पुन्हा चालू करण्याचा प्रश्न, तीव्र किरणोत्सारामुळे जाता न येणाऱ्या जागांची पाहणी. सहा-सात महिन्यांत काम संपवायचं होतं, हे त्यामागचं एक कारण.

तुमच्या यादीत प्रत्येक वगळलेल्या विषयापुढे दोन गोष्टी जोडा: का वगळला आणि आता तो कोण पाहणार. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो विषय वगळलेला नाही, दडपलेला आहे, असं वाचणारा समजेल आणि त्याचं चुकणार नाही. ‘अणुऊर्जा हवी की नको’ हा विषय मात्र बेलाशक बाहेर ठेवा. तो आत आला की दोन्ही बाजूंचे लोक निष्कर्ष आधी ठरवून पुरावे शोधू लागतात.

माणसं, अधिकार आणि भाषा

थ्री माईल आयलंडसाठी अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाचे प्रमुख जॉन केमेनी हे गणितज्ञ होते, अणुउद्योगातले नव्हते. बारा सदस्यांत केंद्राजवळच्या मिडलटाऊन गावातली एक गृहिणीही होती. या आयोगाने सहा महिन्यांत अहवाल दिला आणि यंत्रांपेक्षा माणसं, संस्था आणि त्यांची मानसिकता यांवर बोट ठेवलं. आपल्या समितीत गोदाकाठच्या एखाद्या गावचा प्रतिनिधी असायला हरकत काय? भौतिकशास्त्र समजावून सांगायला सल्लागार असतातच. तज्ज्ञांसाठी मात्र कडक अट हवी: मागच्या पाच वर्षांत मालक कंपनी, निर्माता किंवा नियामक यांच्याकडून मानधन घेतलेलं असेल तर ते जाहीर करायचं.

गोपनीयतेचा अडसर येणारच. सुरक्षा आणि व्यापारी गुपित या दोन शिक्क्यांखाली काहीही झाकता येतं. समितीला मूळ कागद पाहता येईल, प्रसिद्ध करताना काय झाकायचं ते नंतर ठरेल, असं कलम घाला. आणि जागेवर जाण्याचा हक्क स्पष्ट लिहा. जपानमध्ये कंपनीने आयोगाला पहिल्या भट्टीच्या इमारतीत अंधार असल्याचं सांगितलं, आयोगाची पाहणी राहिली. तिथे उजेड होता हे २०१३ मध्ये उघड झालं. ‘तिथे जाता येणार नाही’ हे सांगण्याचा अधिकार चौकशी होणाऱ्या पक्षाकडे ठेवू नये. तो स्वतंत्र किरणोत्सार-सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्यावा.

गावकऱ्यांची सुनावणी मराठीत आणि गावातच घ्या. फुकुशिमा केंद्र ज्या गावात होतं तिथल्या फक्त वीस टक्के लोकांना स्थलांतराचा पहिला आदेश निघाला तेव्हा अपघाताची खबर होती, हे कुरोकावा आयोगाला कळलं ते प्रश्नावली पाठवून दहा हजारांवर विस्थापितांकडून उत्तरं मिळवली म्हणून. आपल्याकडे विचारायचे प्रश्न वेगळे: तलाठ्याला फोन कधी आला, दवंडी पिटली का, ऊसतोडीहून परतलेली कुटुंबं कुठे होती, जनावरं सोडून जायला कोण तयार झालं नाही.

मुदत, आणि बदलाची वाट

सगळ्या गोष्टींना एक तारीख देऊ नका. ज्यावर ताबडतोब कृती हवी, उदाहरणार्थ इतर केंद्रांच्या जनरेटरची तपासणी, त्यावर तीस दिवसांत पत्र. तथ्यांचा कालपट तीन महिन्यांत. कारणं आणि शिफारशी नऊ ते बारा महिन्यांत. १९५२ च्या कायद्याखालचा आयोग असेल तर अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीसह विधिमंडळापुढे किंवा संसदेपुढे ठेवावा लागतो. समितीला हे बंधन नाही, म्हणून प्रसिद्धीचं कलम हातानेच घालावं लागतं.

पुरावा पुढे सरकतो तशी कार्यकक्षा अपुरी पडते. त्यासाठी कलम असं ठेवा की समिती कारण लिहून स्वतः कक्षा वाढवू शकते, पण कमी करायची असेल तर नेमणाऱ्या सरकारलाही जाहीर आदेश काढावा लागेल. ही असमानता मुद्दाम ठेवायची आहे.

नमुना

आपल्या काल्पनिक घटनेसाठी मसुद्याचा गाभा असा होईल. विषय लिहू नका, प्रश्न लिहा. ‘आपत्कालीन वीजव्यवस्था’ या शब्दांचं उत्तर देता येत नाही.

१. बाह्य वीज गेल्यापासून भट्टी स्थिर थंड होईपर्यंत कोणत्या क्रमाने काय घडलं?
२. पहिला जनरेटर सुरू का झाला नाही आणि दुसरा का थांबला? मागच्या दहा वर्षांतल्या चाचण्यांत याची चिन्हं होती का? एकच कारण दोन्हींना बंद पाडू शकेल, हे रचनेत तपासलं होतं का?
३. पाण्याच्या किमान पातळीचं गृहीतक कोणी, केव्हा धरलं आणि नंतरच्या दुष्काळांनंतर ते तपासलं का?
४. देशातल्या किंवा परदेशातल्या तशाच घटनांची माहिती केंद्राकडे आली होती का, आणि तिचं काय झालं?
५. नियामकाने यातलं काय पाहिलं, काय सुचवलं, आणि न पाळल्यास काय केलं?
६. कोणत्या व्यवस्था आणि कोणाची कामगिरी उपयोगी पडली?
७. किरणोत्सार किती, कुठे गेला, आणि तो कोणी स्वतंत्रपणे मोजला?
८. जिल्हा प्रशासनाला आणि प्रत्येक गावाला खबर कधी, कोणत्या मार्गाने मिळाली? स्थलांतरात कोणाला इजा झाली?

‘आणि इतर अनुषंगिक बाबी’ हे आदेशातलं लाडकं शेपूट इथे लावायचं नाही. त्याने कक्षा वाढल्यासारखी दिसते, पण कागद मागायला गेल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही.

मसुद्याची परीक्षा

सही होण्याआधी मसुदा उलटा तपासा. घडू शकतील अशी सात-आठ कारणं, अगदी गैरसोयीचीही, कागदावर लिहा. कंत्राटदाराने भेसळीचं डिझेल पुरवलं. चाचणीच्या नोंदी टेबलावर बसून भरल्या. नियामकाने तीन वर्षांपूर्वी हरकत घेतली होती आणि ती वरून दाबली गेली. निर्मात्याला दोष माहीत होता. जिल्हाधिकारी कार्यालयाने घबराट नको म्हणून निरोप थांबवला. आता प्रत्येक वाक्यापुढे विचारा: हे खरं निघालं तर या कार्यकक्षेत राहून समितीला ते शोधता येईल का, त्यासाठी लागणारा कागद मागता येईल का आणि नाव घेऊन लिहिता येईल का? जिथे ‘नाही’ येईल तिथे कोणतं कलम आड येतं ते शोधा.

कॉलेजात हा सराव घेताना एक गट मसुदा लिहितो आणि दुसरा गट कंपनीचे वकील होतो. वकिलांचं काम एकच: दहा कागद नाकारून दाखवायचे, तेही मसुद्यातल्याच शब्दांवर बोट ठेवून. पोरं यात भारी तरबेज निघतात. ‘संबंधित’, ‘आवश्यक तेथे’, ‘शक्यतो’ हे तीन शब्द पहिल्या दहा मिनिटांतच त्यांच्या हाती लागतात. वकिलांना नाकारता आलेला प्रत्येक कागद नावानिशी मसुद्याच्या परिशिष्टात घालायचा आणि दोन्ही गटांनी जागा बदलून पुन्हा बसायचं.